पाटीवर एक, चिठ्ठीवर दुसरंच

१८ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वेगळ्या नोंदवहीत नोंद करायची, या सरकारच्या निर्णयाविरुद्ध हा संप होता. त्या दिवसांत जी भांडणं वाचली आणि ऐकली ती सगळी एकाच चाकोरीतली होती. एका बाजूला ‘साबुदाण्याच्या गोळ्या देणारे आता अँटिबायोटिक लिहिणार’, तर दुसऱ्या बाजूला ‘तुम्ही खेड्यात जात नाही आणि आम्हालाही काम करू देत नाही’. कुणी ऋषिमुनींना मध्ये आणलं, कुणी औषध कंपन्यांना. रुग्णाचं नाव दोन्हीकडून घेतलं गेलं, पण त्याच्या बाजूने प्रश्न मांडलेला मला तरी दिसला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कुठली पॅथी श्रेष्ठ हे कायद्याने ठरवायचं नसतं. वैद्यकाचा परवाना म्हणजे सरकारने रुग्णाला दिलेला शब्द आहे: या माणसाला अमुक विद्या शिकवली, तिची परीक्षा घेतली, आणि याच्या हातून चूक झाली तर जाब विचारायला आम्ही बसलो आहोत. परवानाधारकाने जे करायचं ते या शब्दाच्या आत राहूनच करायला हवं. त्याला पलीकडे जायचं असेल तर आधी तो शब्द रीतसर वाढवून घ्यावा, शिक्षणासकट, परीक्षेसकट आणि जबाबदारीसकट. आणि हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे. न शिकलेलं अँटिबायोटिक लिहिणारा होमिओपॅथ जितका चुकतो, तितकाच न शिकलेल्या आयुर्वेदाचं औषध लिहिणारा एमबीबीएस चुकतो. संपाच्या दिवशी या दुसऱ्या अर्ध्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मला हा दुसरा अर्धा भाग दिसतो तो माझ्या आत्यामुळे. तिचे गुडघे कामातून गेले होते. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांकडून ती पुड्या आणायची. पांढऱ्या कागदाच्या चौकोनी पुड्या, रबर लावून बांधलेल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दुधातून. ‘आयुर्वेदिक आहेत, निर्धास्त घ्या,’ असं तिला सांगितलेलं. पंधरा दिवसांत ती काठी सोडून अंगणात फिरायला लागली आणि आम्ही सगळे त्या डॉक्टरांचे गुण गायला लागलो. चार-पाच महिन्यांनी तिचा चेहरा गोल आणि तुकतुकीत दिसायला लागला. जरा धक्का लागला की दंडावर काळानिळा डाग पडायचा. आयुष्यात कधी नव्हती ती साखर निघाली. शहरातल्या फिजिशियनकडे नेलं तेव्हा त्यांनी तिचा चेहरा पाहिला, मनगटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि फाइल उघडायच्या आधी विचारलं, ‘आजी, पुड्या कुठल्या घेता?’ पुड्यांमध्ये स्टेरॉइड असणार, असं त्यांचं मत पडलं. एकदम थांबवू नका, जिवावर बेतेल, असंही त्यांनी बजावलं आणि पुढचे कित्येक आठवडे मात्रा मोजूनमापून उतरवली.

ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: तो डॉक्टर कुठल्या पॅथीचा होता? तो एमबीबीएस होता. परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र त्याच्या टेबलामागे फ्रेम करून लावलेलं होतं. पुड्यांत नेमकं काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण एवढ्या महिन्यांत त्याने एकही चिठ्ठी लिहून दिली नव्हती.

एसटी स्टँडबाहेर जडीबुटी विकणाऱ्याकडून आत्याने ती पुडी कधीच घेतली नसती. तिने विश्वास ठेवला तो त्या फ्रेमवर. म्हणून ‘निदान तो शिकलेला तरी आहे, त्याला मोकळीक द्या’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. शिकलेल्या, नोंदणी झालेल्या माणसाने हद्द ओलांडली तर रुग्णाला संशयसुद्धा येत नाही. बोगस डॉक्टरला निदान आपण पकडला जाऊ ही धास्ती असते. परवानाधारकाच्या चुकीवर सरकारचा शिक्का असतो.

तरीही समोरच्या बाजूकडे वजनदार मुद्दे आहेत, आणि ते चुटकीसरशी उडवून लावणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

पहिला मुद्दा इतिहासाचा. ‘रुग्णाच्या हितासाठी’ घातलेली कुंपणं कैक वेळा धंद्याच्या हितासाठी घातलेली असतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ च्या आपल्या आचारसंहितेत एकाच ठरावीक सिद्धांतावर चालणाऱ्या वैद्यांशी सल्लामसलत करायलाच बंदी घातली. तिचा रोख मुख्यतः होमिओपॅथांवर होता. कायरोप्रॅक्टरांवरचा, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्यांवरचा, या संघटनेचा बहिष्कार पुढे न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये तो व्यापारी स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग ठरला. आपल्याकडे १९१२ चा मुंबई इलाख्याचा वैद्यक नोंदणी कायदा आला आणि पुढच्या काही वर्षांतच मुंबईतल्या एका पदवीधर डॉक्टरांचं नाव नोंदवहीतून काढण्यात आलं. त्यांचा अपराध एवढाच, की एका आयुर्वेद महाविद्यालयाशी त्यांचा संबंध होता आणि तो तोडायला त्यांनी नकार दिला. त्या शिक्षेत रुग्णाची काळजी किती आणि परकीय सत्तेचा ताठा किती, हे वेगळं सांगायला नको. वैद्य-हकिमांना या प्रांतात नोंदणीचा दर्जा मिळायला १९३८ चा कायदा यावा लागला. म्हणून आज आयएमएचा, म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा, माणूस ‘पॅथींची सरमिसळ नको’ म्हणतो तेव्हा वैद्यांच्या मनात ती जुनी जखम ठसठसते, आणि ते स्वाभाविक आहे.

पण या इतिहासातून निष्कर्ष काय काढायचा? कुंपण घालणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून कुंपणच नको, असं तर होत नाही. १९१२ नंतरच्या त्या शिक्षेत चूक कुठे झाली ते नीट पाहिलं पाहिजे. त्या डॉक्टरांनी कुणाला फसवलं, न शिकलेलं औषध दिलं, असा आरोपच नव्हता. ते कुणाबरोबर उठतात-बसतात यावरून त्यांना शिक्षा झाली. ती हद्द माणसाच्या संगतीवर आखलेली होती. मी म्हणते ती हद्द कृतीवर आखायची आहे: या माणसाने आज या रुग्णाला जे दिलं, ते देण्याइतकं त्याला शिकवलं होतं का, आणि रुग्णाला ते खरंखरं सांगितलं का? आयुर्वेदावर व्याख्यान देणाऱ्या, वैद्यांबरोबर संशोधन करणाऱ्या, रुग्णाला ‘यासाठी चांगल्या वैद्याकडे जा’ म्हणणाऱ्या एमबीबीएसला हा नियम हातही लावत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तो आहे माणसांच्या तुटवड्याचा. रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर घेऊन बाप धावतो तेव्हा त्याला जो भेटतो तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. १०८ च्या रुग्णवाहिकेत तोच असतो. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तोच. शहरातल्या खासगी रुग्णालयांत नाइट ड्युटीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून, अतिदक्षता विभागातसुद्धा, तोच उभा असतो. ती रुग्णालयं ज्यांची, त्यांतले अनेक जण संपातही सामील होते. दिवसा मिश्र वैद्यकाविरुद्ध घोषणा द्यायच्या आणि रात्री कमी पगारात त्याच डॉक्टरच्या हाती सलाईन, इंजेक्शनं आणि व्हेंटिलेटर सोपवून घरी झोपायचं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांना या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे का, असा सवाल होमिओपॅथ करतात. सवाल रास्त आहे.

सरकारचंही तेच. गुजरातमधल्या आयुर्वेद डॉक्टरांनी एमबीबीएसइतकं वेतन मागितलं तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. तातडीच्या उपचारांत, अपघातात, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत आणि शवविच्छेदनात दोघांचं काम सारखं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण मग सरकारने एक काहीतरी ठरवायला हवं. नेमणूक देताना डॉक्टर आणि पगार देताना वैद्य, हे किती दिवस चालणार?

तर तुटवडा खरा आहे. प्रश्न आहे तो कशाने भरायचा हा. इथे आपण एक जुनी चूक विसरून बसलो आहोत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशात साधारण ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० पदवीधर नव्हते. ते परवानाधारक होते, एलएमपी. आपल्याकडचे एलसीपीएस डॉक्टर त्याच जातकुळीतले, जुन्या माणसांना ते आठवत असतील. आधुनिक वैद्यकाचंच शिक्षण, पण कमी कालावधीचं, आणि पाटीवर तसं स्वच्छ लिहिलेलं. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीच्या अहवालाने ही पायरी काढून फक्त एमबीबीएस ठेवायची शिफारस केली. या मुद्द्यावर समितीतच मतभेद होते. देश एवढा मोठा, गरज एवढी अफाट, मग मधली पायरी कशाला काढता, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं. पायरी निघाली. गरज मात्र निघाली नाही. जी जागा रिकामी झाली ती हळूहळू अशा माणसांनी भरली ज्यांना शिकवलं एक आणि ज्यांच्याकडून करवून घेतलं दुसरं.

म्हणून सीसीएमपीवरचा माझा आक्षेप एमबीबीएसवाल्यांपेक्षा वेगळा आहे. होमिओपॅथीचा पदवीधर बुद्धीने कमी असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं तोही घालवतो. माझा आक्षेप हा, की मधली पायरी हवी असेल तर ती मधली पायरी म्हणूनच बांधा. इंग्लंडने परिचारिकांना औषधं लिहायचा अधिकार दिला तेव्हा १९९२ च्या कायद्याने सुरुवात एका छोट्या, ठरवून दिलेल्या यादीपासून केली. अनुभव पाहत यादी वाढत गेली आणि २००६ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांना जवळजवळ सगळी औषधं खुली झाली. त्यासाठी कुणी परिचारिकेला डॉक्टर म्हटलं नाही, की परिचर्या ही एक वेगळी पॅथी आहे असा दावा केला नाही. आपल्याकडेही २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात कलम ३२ आहे. समुदाय आरोग्य सेवकाला मर्यादित परवाना, प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेपुरता, ठरावीक औषधांपुरता. आसामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तीन वर्षांच्या पदविकाधारकांना ग्रामीण डॉक्टर बनवणारा २००४ चा कायदा रद्द केला, पण त्याच लोकांना मर्यादित भूमिकेत सामावून घेणारा नंतरचा कायदा वैध ठरवला. वाट तयार आहे. होमिओपॅथने ती वाट धरावी, त्याचं स्वागत व्हावं. फक्त त्या वाटेवर चालताना पाटीवर ‘होमिओपॅथी’ आणि चिठ्ठीवर सेफिक्सिमसारखं अँटिबायोटिक असं नको.

‘एक वर्ष शिकवलं ना, आता काय अडचण?’ असं विचारणाऱ्यांनी १९९६ चा पूनम वर्मा खटल्याचा निकाल पुन्हा वाचावा. मूळ घटना १९९२ ची, मुंबईतली. नोंदणीकृत होमिओपॅथी डॉक्टरांनी एका रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप समजून आणि मग विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधं दिली, तपासण्या न करता. रुग्ण दगावला. कॉलेजात आपल्याला आधुनिक वैद्यकाचंही शिक्षण मिळालं होतं, असा बचाव डॉक्टरांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, त्यासाठी आणखी पुरावा नको, असं न्यायालय म्हणालं, आणि अशा माणसाला भोंदू हा शब्द वापरला. या निकालाचा धसका घेऊन राज्यांनी काय केलं? शिक्षण वाढवण्याआधी व्याख्या वाढवली. १९९८ च्या दुसऱ्या एका निकालाने, राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तर आयुर्वेदाच्या नोंदणीकृत डॉक्टरांना आधुनिक औषधं देता येतील, असा दरवाजा उघडला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदे बदलून होमिओपॅथांसाठीही तो उघडला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, वर्षं गेली, आणि २०२५ मध्ये नोंदवहीवरून रस्त्यावर उतरायची वेळ आली.

पण पूनम वर्मा खटल्यात माणूस गेला तो औषधाचं नाव माहीत नव्हतं म्हणून गेला का? ताप कशाचा आहे हे शोधलं गेलं नाही, हे त्यातलं मर्म आहे. औषधशास्त्र वर्षभरात पाठ होईल. कोणत्या तापाला थांबायचं, कोणत्याला रक्त तपासायचं, आणि कोणत्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, हे वॉर्डात रुग्णांच्या उशाशी उभं राहून शिकायचं असतं. सरकारने नेमका सोपा भाग शिकवायला घेतला आणि अवघड भाग शिकवल्यासारखा अधिकार देऊन टाकला.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची यादी देण्यात आली तेव्हाही वाद असाच भरकटला. एका बाजूने सुश्रुत काढला, दुसऱ्या बाजूने भूल आणि जंतुनाशन. सुश्रुताचं नाव घेणाऱ्यांना मी पुण्याची एक गोष्ट आठवून देते. कपाळाची कातडी वळवून नवं नाक करण्याची रीत पुण्याच्या एका कारागीर वैद्याच्या हातात जिवंत होती, आणि तिचं वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आल्यावर युरोपचे शल्यविशारद थक्क झाले. त्या माणसाकडे यादी नव्हती. त्याच्याकडे हात होता, आणि तो हात पिढ्यान्‌पिढ्या नाकंच करत आला होता. आज एखाद्या शल्यतंत्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या, एमएस वैद्याने कुणाच्या देखरेखीखाली किती हर्निया केले, भूल कुणी दिली, रात्री रक्तस्राव झाला तर धावून कोण येणार, हे विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर त्याला करू द्या. मूळव्याध-भगंदरात क्षारसूत्राने, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याने, चांगलं काम करणारे वैद्य आहेतच, आणि तिथे एमबीबीएसने लुडबुड करू नये. यादीत शस्त्रक्रियेचं नाव घातल्याने हात तयार होत नाही.

तिसरा मुद्दा रुग्णाच्या मर्जीचा. शरीर माझं, मला पर्यायी उपचार हवे आहेत, मग माझ्या विश्वासातल्या एमडी डॉक्टरने ते दिले तर सरकारच्या पोटात का दुखतं? त्याने नाही दिले तर मी एखाद्या बाबाकडे जाईन, ते चालेल का? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात हाच प्रश्न उभा राहिला होता. एक परवानाधारक डॉक्टर रुग्णांना होमिओपॅथी देत. कुणाला इजा झाल्याची तक्रार नव्हती. तरी ‘प्रचलित वैद्यकीय रीतीला धरून नाही’ म्हणून तिथल्या वैद्यक मंडळाने परवाना काढून घेतला, आणि १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लोक चिडले. १९९३ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला: उपचार वेगळ्या वाटेचा आहे एवढ्यावरून शिक्षा नाही, तो प्रचलित उपचारापेक्षा जास्त धोकादायक असल्याचं मंडळाला दाखवून द्यावं लागेल.

मला मंडळाचं कारणही पटत नाही आणि विधिमंडळाचा उपायही. ‘प्रचलित’ ही कसोटी भुसभुशीत आहे. एके काळी रक्त काढणं प्रचलित होतं. पण ‘इजा दाखवा’ ही कसोटीही अपुरी, कारण ती फक्त गोळीने होणारी इजा मोजते. छातीत गाठ असलेली बाई सहा महिने निरुपद्रवी गोळ्या घेत राहिली तर गोळीने काहीच केलं नाही. वाया गेलेल्या सहा महिन्यांनी केलं. आणि ती सहा महिने का थांबली? कारण गोळी देणारा निदान करण्याचा अधिकार असलेला डॉक्टर होता. त्याने तपासलं आहे, त्याला ठाऊक असेल, असं ती धरून चालली. तीच गोळी तिने शेजारणीच्या सांगण्यावरून घेतली असती तर मनात शंका राहिली असती, आणि कदाचित दुसऱ्या महिन्यात ती रुग्णालयात गेली असती. रुग्णाला काय घ्यायचं त्याचं स्वातंत्र्य आहे, संपूर्ण आहे. ते डॉक्टरचं स्वातंत्र्य नव्हे. माझ्या मर्जीमुळे मी काहीही गिळू शकते. पण माझ्या मर्जीमुळे समोरच्याला न शिकलेली विद्या येत नाही.

इंग्लंडने २०१७ मध्ये सरकारी खर्चातून होमिओपॅथीची औषधं लिहू नयेत असं आपल्या डॉक्टरांना सांगितलं, फ्रान्सने २०२१ पासून त्यांचा परतावा थांबवला. दोन्हीकडे ती औषधं दुकानात मिळतात, ज्याला हवीत तो घेतो. सरकारने फक्त आपला शब्द त्यांच्यामागून काढून घेतला. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

आता एमबीबीएसच्या बाजूने येणारा एक युक्तिवाद. ते म्हणतात, आम्ही लिव्हरसाठी, मूतखड्यासाठी, पाळीच्या तक्रारींसाठी आयुर्वेदिक सिरप लिहितो यात एवढं काय, वनस्पतीच तर आहेत, आणि शेवटी आधुनिक औषधंही वनस्पतींतूनच आली ना? आली. पण कशी आली? सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. १९३१ मध्ये कोलकात्यात सेन आणि बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचे अनुभव मोजूनमापून मांडले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषध निघालं. मग तिच्याने काही रुग्णांत नैराश्य येतं अशी शंका त्याच मोजमापातून पुढे आली, आणि डॉक्टर जपून वापरायला लागले. गुण आणि दोष दोन्ही एकाच दाराने बाहेर आले. ओपीडीत औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या रंगीत पत्रकावरून सिरप लिहिणारा डॉक्टर त्या दाराच्या जवळही गेलेला नसतो. त्याने चरक उघडलेला नाही, त्या सिरपवरची चाचणी वाचलेली नाही, आणि रुग्णाची प्रकृती वैद्याच्या पद्धतीने पाहिलेली नाही. आयुर्वेदाचा मान राखायचा असेल तर चिठ्ठीच्या तळाशी आयुर्वेद शोभेला लावणं आधी बंद करायला हवं.

नियम म्हणाल तर अगदीच नाही असं नाही. ज्याचे घटक माहीत नाहीत असं गुप्त औषध लिहिणं किंवा देणं अनैतिक आहे, असं डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिता सांगते. आत्याच्या पुड्या त्यातच बसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणखी स्पष्ट नियम आणला: आयोगाचा परवाना घेतलेल्याने त्याच वेळी दुसऱ्या पद्धतीने उपचार करायचे नाहीत, आणि दुसऱ्या पॅथीचा छोटा कोर्स केला म्हणून तो अधिकार मिळत नाही. मला हवं ते नेमकं हेच होतं. पण त्याच नियमावलीत जेनेरिक नावं लिहायची सक्ती होती, तिच्यावरून गदारोळ उठला आणि महिना संपायच्या आत सगळी नियमावली स्थगित झाली. तिच्याबरोबर हा नियमही गेला. तो परत आणा म्हणून कुणी संप केल्याचं मी ऐकलेलं नाही. आज जे एका वर्षाच्या कोर्सवर हसतात, त्यांनी आपल्यालाही लागू होणारा तो नियम आधी मागून घ्यावा. मग त्यांचं म्हणणं लोक वेगळ्या कानांनी ऐकतील.

वैद्यांच्या बाजूलाही एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्यांचं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. ‘शुद्ध’ की ‘मिश्र’ हा वाद आयुर्वेदाच्या घरातला जुना आहे. १९४८ च्या चोप्रा समितीने दोन्ही विद्यांचा मेळ घालायला सांगितलं, १९५९ च्या उडुपा समितीचा कलही एकत्रित अभ्यासक्रमाकडेच होता. शुद्धवाद्यांनी कडाडून विरोध केला. मिश्र शिकलेला पोरगा दवाखाना थाटेल आणि इंजेक्शनं देईल, आयुर्वेद फक्त पाटीवर उरेल, ही त्यांची भीती होती. आज कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत फिरून पाहा. नाडी पाहून काढा लिहून देणारा वैद्य शोधावा लागतो. आधुनिक औषधांची मुभा हा आयुर्वेदाचा विजय म्हणून साजरा झाला, पण त्या मुभेने आयुर्वेदाचे सर्वांत हुशार विद्यार्थी आयुर्वेदातून बाहेर नेले. होमिओपॅथीवर माझा विश्वास नाही, हे मी लपवत नाही. पण ज्यांचा आहे त्यांनी तरी विचार करावा: अँटिबायोटिक लिहायची परवानगी मागणं म्हणजे आपल्या औषधाने ताप उतरत नाही हे जाहीर मान्य करणं नाही का?

आणि शेवटी जबाबदारीचा प्रश्न, जो नोंदवहीच्या वादात सगळ्यांत मागे पडला. सीसीएमपी केलेल्या डॉक्टरने चुकीचं औषध दिलं तर तक्रार कुणाकडे करायची, होमिओपॅथी परिषदेकडे की वैद्यक परिषदेकडे? त्याचं वागणं कुणाच्या मापाने मोजायचं? सावध होमिओपॅथने काय केलं असतं या मापाने, की सावध एमबीबीएसने काय केलं असतं या? माझं उत्तर साधं आहे. जे औषध हातात घेतलं त्या औषधाच्या पद्धतीचं माप. अँटिबायोटिक लिहिलं तर एमबीबीएसचं माप, ‘मी तर होमिओपॅथ’ हा बचाव बंद. एमबीबीएसने आयुर्वेदातलं एखादं अरिष्ट लिहिलं तर वैद्याचं माप, ‘मी तर ॲलोपॅथ’ हा बचाव बंद. हे माप कायद्यात एका ओळीत लिहिता येईल, आणि ते लिहिलं की अर्धी सरमिसळ आपोआप थांबेल, कारण कोणता डॉक्टर किती पाण्यात आहे हे तो डॉक्टर स्वतः पक्कं जाणून असतो.

त्याच्या जोडीला कागद. मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक एच-वन यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने लिहून देणाऱ्याचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. दुकानदाराला हे बंधन आहे, मग दवाखान्यात स्वतःच्या हाताने पुडी बांधून देणाऱ्याला का नको? बिननावाची पुडी, लेबल काढलेली बाटली, कापून दिलेली अर्धी पट्टी, यांतलं काहीही देणं हा परवाना निलंबित होण्याइतका अपराध ठरला पाहिजे, पदवी कोणतीही असो.

आत्या आता एक्याऐंशी वर्षांची आहे. साखर कायमची मागे लागली, कंबर वाकली. गेल्या महिन्यात तिला खोकला झाला म्हणून मी तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, छाती नीट तपासली. ड्रॉवरमधून गोळ्या काढून त्यांनी छोट्या पाकिटात भरल्या. आत्याने चिठ्ठी मागितली. ‘दोन दिवसांचंच तर औषध आहे आजी, कागद कशाला,’ असं ते म्हणाले. बाहेर आठ-दहा माणसं थांबलेली. मी तिला हात द्यायला पुढे झाले, पण ती काही खुर्चीतून उठेना. पाकीट टेबलावर तसंच ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी पॅड जवळ ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.